हुक्केरीकर अण्णांचा नमुना

इंदिरानगरमधल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मला मिळाल्या, त्या केवळ दार हळू लावता येतं म्हणून. पगार किती, लग्न कधी करणार, मित्रमंडळी येतात का, अंडी खाते का, यातलं काहीही घरमालकांनी विचारलं नाही. फाटकातून आत शिरले तर पोर्चमध्ये एक दुधी रंगाची जुनी पिकअप उभी होती आणि तिच्या बॉनेटला कान लावून एक उंच, वाळकुडे गृहस्थ उभे होते. त्यांनी कान न हलवता विचारलं, "कुठली तू?"

"साताऱ्याची."

"म्हणजे पुणेवाली."

"नाही, सातारा वेगळं..."

"संकेश्वरच्या वरचं सगळं आम्हांला पुणंच. ये इकडं. आत बस."

मला वाटलं, घरात. ते पिकअपमध्ये म्हणत होते. मी बसले. "आता उतर. दार लाव." अनोळखी माणसाच्या गाडीचं दार, म्हणून मी घाबरून दोन्ही हातांनी ते अलगद ढकललं. खट् असा बारीक आवाज झाला. गृहस्थांनी डोळे मिटून तो ऐकला. म्हणाले, "परत." मी परत लावलं. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "सुमती, हिला खोली दे! आधीच्या तिघांनी आपटलं होतं."

आतून कॉफीचे पेले घेऊन आलेल्या बाईंनी मला पाहिलं आणि त्यांना म्हणाल्या, "तिनं खोली बघितली काय? तिला पसंत आहे काय? गाडीला पसंत पडली म्हणजे झालं!"

हे हुक्केरीकर अण्णा आणि या सुमतीअक्का. मी सुरुवातीला 'काका-काकू' म्हणून पाहिलं, पण अण्णा त्या हाकेला ओ द्यायचे नाहीत. बेळगावकडची माणसं, चाळीस वर्षं बेंगळुरात. त्यांच्या मराठीत 'जरा'ला स्वल्प आणि 'बरं'ला सरी हे कानडी शब्द इतके सहज यायचे की सहा महिन्यांनी मी साताऱ्याला फोनवर आईला "स्वल्प थांब" म्हणाले आणि आईनं विचारलं, "काय थांबू?"

अण्णांनी एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली. त्यांच्या खात्याचं काम मोठं मजेशीर होतं. नवीन बनवलेली वस्तू आणायची आणि ती मोडेपर्यंत तिला छळायचं. गदागदा हलवायचं, तापवायचं, गारठवायचं, तिच्यावर पाणी मारायचं. मोडली की का मोडली ते लिहून द्यायचं. "वस्तू बनवायला तीनशे माणसं आणि मोडायला आम्ही चौघं," अण्णा सांगायचे. "तरी आम्ही कधी मागं पडलो नाही." छळायला आलेल्या प्रत्येक वस्तूला तिथं 'नमुना' म्हणत. त्यामुळे बावीस वर्षांपूर्वी अण्णांनी पिकअप घेतली, तेव्हा तिचंही नाव नमुना पडलं. अक्का म्हणायच्या, "या घरात दोन नमुने. एकाला निदान बंद करायची किल्ली आहे."

तेव्हा कॉलनीतले सगळे जण छोट्या कार घेत होते. अण्णांनी पिकअप का घेतली, हे मी एकदा विचारलं.

"कारमध्ये माणसं बसतात. माणसं बोलतात. बोलताना इंजिन ऐकू येत नाही."

"आणि पिकअपमध्ये?"

"सामान बसतं. सामान शहाणं असतंय."

इंजिन ऐकणं हा अण्णांचा दिवसाचा पहिला कार्यक्रम. एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. आत कुठलं बेअरिंग कुरकुर करतंय हे त्यांना असं कळायचं. पण सवय इतकी वाढली होती की तो स्क्रू ड्रायव्हर ते कशालाही लावायचे. अक्कांचा मिक्सर, पाण्याची मोटर, माझा फ्रिज. एकदा जिना चढताना माझा गुडघा कटकन वाजला, तर खालून आवाज आला, "थांब, तिथंच थांब!" मी धूम ठोकली.

घराच्या एका बाजूला कॉफीचं झकपक दुकान आणि दुसऱ्या बाजूला बिअरचं. मधे हे जुनं घर आणि नमुना. तरुण पोरंपोरी फाटकाशी उभं राहून तिचे फोटो काढायची. एकानं विचारलं, "अंकल, विंटेज है क्या?"

"विंटेज नहीं. चालू है," अण्णा म्हणाले आणि त्याला धरूनच बसले. पिकअप लवकर म्हातारी कशानं होते, हे त्यांनी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. लोक थंड इंजिन सुरू करतात आणि लगेच ॲक्सिलरेटर दाबतात. सकाळी डोळे उघडताच तुला कुणी टेकडीवर पळायला लावलं तर?

"अंकल, मैं तो बारह बजे उठता हूँ," तो पोरगा म्हणाला.

"तो फिर तुम्हारा इंजन गया," अण्णा म्हणाले आणि त्याच्याकडे खऱ्या दयेनं पाहिलं.

त्यांची मतं ठाम होती. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्या माणसाला ते मुलगी देणार नाहीत, असं ते म्हणायचे. आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे पुढे कळलं. पिकअपमध्ये वाजवीपेक्षा जास्त माल भरणं हे पाप. पण रिकामी फिरवणं हेही पाप, कारण मागच्या स्प्रिंगांचे पाटे वजन पेलायला जन्मलेले असतात. त्यांना काम दिलं नाही की गाडी उड्या मारते आणि बोल्ट सैल होतात. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे गाडी नुसती उभी ठेवणं. म्हणून दर रविवारी सकाळी अण्णा नमुन्याला इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत फिरवून आणत. हौद्यात वजन हवं म्हणून अक्कांचा जुना दगडी रगडा आणि वाळूची दोन पोती ठेवत. दोरीनं बांधून, वर सतरंजी घालून.

"बघ की," अक्का मला म्हणायच्या, "माझा रगडा दर आठवड्याला इलेक्ट्रॉनिक सिटी बघून येतो. मी चाळीस वर्षांत एकदा बघितली नाही."

अण्णांकडे एक वही होती. आवाजांची वही. नमुन्यातून कुठलाही नवा आवाज आला की त्यात नोंद व्हायची, आणि यंत्राच्या भाषेत नाही, माणसांच्या. 'डावं मागचं चाक. आत्या पान कुटते तसा.' 'वळताना. मास्तर घसा खाकरतात तसा.' 'पहाटे सुरू करताना. शिंक येते येते आणि येत नाही.' प्रत्येक नोंदीपुढे कारण आणि इलाज. लहान आवाजाकडे दुर्लक्ष केलं की सहा महिन्यांनी मोठा खर्च दारात येतो, असं त्यांचं म्हणणं. बावीस वर्षांत नमुना रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती. हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं.

या वहीत एकच नोंद कारणावाचून तीन आठवडे पडून होती. 'पुढं, डावीकडं. कुटूक कुटूक. मधूनमधून. तपास चालू.' हा आवाज अण्णा एकटे असले की यायचा नाही. अक्का शेजारी बसल्या की यायचा. अण्णांनी डावी सीट काढून परत बसवली. दाराचे सगळे स्क्रू आवळले. डॅशबोर्ड उघडला. आवाज ऐकण्यासाठी रोज संध्याकाळी अक्कांना घेऊन ते बाहेर पडू लागले, कधी हलसूर तलावाकडे, कधी लालबागेकडे, आणि एकदा चक्क इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत. अक्का जरीकाठी साडी नेसून, गजरा माळून तपासाला जात.

एकविसाव्या दिवशी सिग्नलला इंजिन बंद करून अण्णा थांबले, आणि आवाज चालूच. त्यांनी हळूहळू मान वळवली. अक्का आवळासुपारी चघळत होत्या.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर अण्णा पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "तीन आठवडे! डॅशबोर्ड काढला मी!"

मी आत जाऊन अक्कांना विचारलं, "तुम्हांला कळलं नव्हतं का?"

"तिसऱ्याच दिवशी कळलं होतं," अक्का म्हणाल्या. "पण बोलले असते तर परत रगड्याची पाळी आली असती."

आता खरी गोष्ट. अण्णांची एकुलती मुलगी विद्या घरीच राहायची आणि कोरमंगलाच्या एका कंपनीत कामाला होती. तिथंच काम करणारा कौस्तुभ नावाचा नागपूरचा मुलगा तिनं पसंत केला होता. मुलगा हुशार, बोलायला गोड, निर्व्यसनी. अक्कांना आवडला. विद्यानं आनंदानं सांगितलं, "अण्णा, त्याच्याकडेही पिकअप आहे!"

तिथंच चुकलं. रविवारी कौस्तुभ भेटायला आला, तेव्हा गल्ली हादरली. त्याची पिकअप नवीकोरी, काळीकुळकुळीत. मूळचे टायर काढून त्यानं छातीइतके उंच टायर बसवले होते. छपरावर ओळीनं दिवे. हॉर्न असा की कॉफीवाल्यांच्या हातातले पेले हिंदकळले. अण्णा तिच्याभोवती एक फेरी मारून आले. खाली वाकून पाहिलं. मग घरात येऊन पोहे खाल्ले, आणि मुलाशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. तो गेल्यावर म्हणाले, "नाही."

"काय नाही?" विद्या म्हणाली.

"मुलगा चांगला आहे. पण त्यानं टायर बदललेत."

"म्हणून तुम्ही लग्नाला नाही म्हणताय?"

"बनवणाऱ्यांनी हजार वेळा तपासून एक माप दिलं. हा म्हणतो, मला जास्त कळतंय. चाकाची बेअरिंगं जाणार, स्टिअरिंग जाणार, क्लच जाणार. आज टायर बदलला, उद्या काय बदलेल?"

विद्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. घरात फक्त मिक्सर बोलायचा, आणि अण्णा त्याला स्क्रू ड्रायव्हर लावायचेही विसरले. अक्का चिडून म्हणाल्या, "माझ्या बापानं तुमचे टायर बघितले असते तर मी सुटले असते." शेवटी विद्याच आपणहून पोर्चमध्ये आली आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्याची परीक्षा घेता ना? त्याचीही घ्या. पण नीट घ्या. न तपासता नापास करायचं नाही."

हा वार बरोबर बसला. न तपासता नापास केल्याचा आरोप चौतीस वर्षांत अण्णांवर कुणी केला नव्हता.

पुढच्या रविवारी दोन्ही पिकअप निघाल्या. पुढे नमुना, त्यात अण्णा आणि साक्षीदार म्हणून मी. मागे कौस्तुभ आणि विद्या. इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून आम्ही आनेकलच्या पुढे नाचणीच्या शेतांतून चाललो होतो. अण्णांचं लक्ष रस्त्यापेक्षा आरशात जास्त. आणि अचानक मागून तो हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. आरशात पाहिलं तर भर अकरा वाजता कौस्तुभच्या छपरावरचे सगळे दिवे लागलेले, वायपर सपासप चाललेले, आणि डॅशबोर्डखालून बारीक धूर. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. हॉर्न मात्र चालूच. शेतातली माणसं बांधावर आली. दोन म्हशी उधळल्या. कुणाची तरी वरात आली असं वाटून एक आजीबाई डोक्यावर पदर घेत रस्त्यापर्यंत आल्या.

मी दार उघडायला गेले, तर अण्णांनी माझा हात धरला. "थांब. काय करतो बघूया."

कौस्तुभनं आधी विद्याला खाली उतरवलं, लांब उभं केलं. मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवली. हॉर्न थांबला. एवढी शांतता पसरली की म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. आता अण्णा उतरले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन सावकाश त्याच्यापाशी गेले.

कौस्तुभ घामानं निथळत होता. म्हणाला, "अण्णा, सॉरी. दिव्यांचं वायरिंग मीच केलं होतं. घरी, व्हिडिओ बघून. माझीच चूक आहे."

अण्णांनी बॉनेटखाली डोकावून पाहिलं. "शिवी का दिली नाहीस?"

"कोणाला?"

"गाडीला. लाथ पण मारली नाहीस. लोक मारतात."

"तिला कशाला? तिनं काय केलं?"

अण्णा मागे वळले. विद्या हाताची घडी घालून उभी होती. तिच्यासमोरून जाताना थांबले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "पास आहे. टायर काढायचे."

टायर निघाले, दिवे उतरले, लग्न ठरलं. मल्लेश्वरमचं कार्यालय मिळालं. विद्या मांडवात नमुन्यातूनच जाणार, हे अण्णांनी जाहीर केलं होतं. मग मात्र घरात जी धांदल उडाली, तिच्यात अण्णासुद्धा वाहून गेले. आचारी, फुलं, बेळगावाहून येणारे पाहुणे. दोन रविवार इलेक्ट्रॉनिक सिटी चुकली. सकाळचं कान लावणंही बंद पडलं. पोर्चमध्ये नमुना उभी, बॉनेटवर झेंडूच्या माळा, हौद्यात रुखवताची ताटं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता सगळे नटूनथटून बाहेर आले. जरीचा फेटा बांधलेल्या अण्णांनी आत बसून किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् सुद्धा नाही.

अण्णांचा चेहरा असा झाला की विद्या शालू आवरत खिडकीशी धावली. त्यांनी उतरून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कुशीत उंदराचं घरटं होतं. उबदार, नीटनेटकं, अर्ध्या वायरी कुरतडून मोकळी केलेली जागा. आणि घरट्याला आतून मऊ अस्तर होतं ते आमच्याच लग्नपत्रिकांचं. एका तुकड्यावर 'आग्रहाचे' एवढं शाबूत होतं.

"पत्रिका मिळाली म्हणायची त्याला," अक्का म्हणाल्या.

मी कॅब बोलावत होते. दोन येता येता रद्द झाल्या. तसंही अण्णा नमुन्याला सोडून निघायला तयार नव्हते. "मुलगी हिच्यातून जाणार होती. निदान ही तरी मांडवात येईल." शेवटी विद्यानं नवऱ्या मुलालाच फोन लावला. वीस मिनिटांत कौस्तुभ मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत पिकअप घेऊन दारात हजर. बेळगावची एक मावशी ओरडली, "अगं बाई, अंतरपाटाआधी तोंड बघितलं!" अक्कांनी तिला गप्प केलं. "तोंड वर्षभर बघायलेत. आता दोर बघा कुठं आहे ते."

मग हंड्रेड फूट रोडवरून जी मिरवणूक गेली ती त्या भागात अजून सांगतात. पुढच्या पिकअपमध्ये मुंडावळ्या बांधलेला नवरदेव गाडी चालवतोय, शेजारी शालू नेसलेली नवरी. मागे दोरानं बांधलेली नमुना. तिच्या स्टिअरिंगवर फेटा बांधलेले अण्णा, शेजारी अक्का, आणि मधे चेपून बसलेली मी. हौद्यात रुखवताचं लाडवांचं देऊळ डुगडुगतंय. कॉफीवाली पोरं फोन वर करून शूटिंग करतायत. आणि खिडकीतून अर्धे बाहेर आलेले अण्णा पुढच्या गाडीतल्या जावयाला ओरडतायत, "निधाना! निधाना! सावकाश! क्लचवरचा पाय काढ! दुसऱ्या गिअरात घाल!" सिग्नलच्या पोलिसानं हात केला, मुंडावळ्या पाहिल्या, आणि हात तसाच सलाम करायला वापरला.

मुहूर्त गाठला. कार्यालयाच्या दारात कौस्तुभनं दोर सोडला, आणि उतरून आधी नमुन्याच्या खिडकीशी आला. "अण्णा, झटके बसले का?"

"दोन," अण्णा म्हणाले. मग त्याच्या मुंडावळ्या सरळ केल्या. "तिसरा बसला नाही."

दोन दिवसांनी पोर्चमध्ये ती वही उघडी दिसली. शेवटची नोंद होती, 'बंद पडली. आवाज नाही. कारण: मालक.' इलाजाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात अण्णांच्या डोळ्यांच्या तक्रारी वाढल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. गाडी उभी तर ठेवता येत नव्हती. कौस्तुभचा पाय घाईचा, माझा पाय जड, विद्याचं लक्ष फोनवर. अण्णांनी सगळ्यांना बाद केलं. तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या अक्का पदर खोचून म्हणाल्या, "मी शिकते."

त्या शिकवणीनं सगळी गल्ली शहाणी झाली. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलं की अण्णांचा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबायचा, हात वरच्या मुठीला चिकटायचे. अक्कांशेजारी तर ते संपूर्ण ताठ. "ब्रेक! सुमती, ब्रेक!" हे मला वरच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू यायचं, आणि पाठोपाठ अक्कांचं, "गाडी अजून चालू केलेली नाही!" शिकाऊ परवाना झाला, मग पक्का. तेवढ्यात मला पुण्याची नोकरी मिळाली आणि मी खोली सोडली.

गेल्या महिन्यात कामासाठी दोन दिवस बेंगळूरला गेले होते. दुपारच्या वेळी दोमलूरच्या सिग्नलला माझी रिक्षा थांबली, आणि शेजारी येऊन थांबली ती दुधी रंगाची पिकअप. स्टिअरिंगवर अक्का. डोळ्यांवर काळा चष्मा, केसांत गजरा. पलीकडच्या सीटवर अण्णा. मान खिडकीच्या काचेला टेकलेली, तोंड अर्धवट उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले, पाय लांब पसरलेले. गाढ झोपले होते.

मी रिक्षातून बाहेर वाकून हाक मारणार, "अण्णाऽ", तेवढ्यात अक्कांनी मला पाहिलं. ओळखीचं मोठ्ठं हसल्या. मग ओठांवर बोट ठेवलं, सिग्नल हिरवा झाला तसा अगदी अलगद क्लच सोडला, आणि अण्णांची मान जराही न हलवता गाडी पुढे घेऊन गेल्या.